सुप्याची खते

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी कुणब्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यातले बाजाराचे गाव, त्यामुळे सावकारही पुष्कळ. धान्य लुटले गेले हे खरे, पण जमावाला आधी हवे होते ते कागद : खते आणि वह्या. त्यांची होळी झाली. पुढे पुणे व नगर जिल्ह्यांत दंगा पसरला, तेव्हाही ज्याने खते मुकाट्याने दिली त्याच्या अंगाला सहसा कोणी हात लावला नाही. सरकारने ९५१ माणसे पकडली.

कागदाचाच एवढा राग का? १८५९च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खताचे आयुष्य तीन वर्षांचे केले. व्याज साचू नये हा हेतू. घडले उलटेच. तीन वर्षे भरत आली की सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेई. समजा, शंभर रुपये शेकडा २४ दराने घेतले. तीन वर्षांनी खत १७२चे, सहा वर्षांनी २९६चे, नऊ वर्षांनी ५०९चे. आपल्याकडे दामदुपटीचा जुना दंडक होता; व्याज मुद्दलापेक्षा अधिक मागता येत नसे. म्हणजे मूळ खतावर दोनशेच्या वर मागणी जाऊ शकली नसती. नव्या खतात मात्र मुद्दलच नवे! दंडक न मोडता निकामी झाला, आणि अंगठा उठवणाऱ्याला आत काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते.

कुणबी लग्नकार्यात उधळतो म्हणून बुडतो, असे तेव्हाचे साहेब आणि आपले शहाणे दोघेही म्हणत. (आजही म्हणतात.) पण दंग्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगानेच लग्नखर्चाला फाजील महत्त्व दिले गेल्याचे नोंदवले. खरी अडचण वेळेची होती. पीक पावसाच्या भरवशावर, सारा मात्र रोख आणि ठरल्या तारखेला. बी, बैल, पोटाला दाणे आणि साऱ्याचा हप्ता, सगळे उधारीवर. चांगल्या साली उरलेले बैलजोडीत किंवा बायकोच्या अंगावरच्या चांदीत जाई. वाईट साली तीच पहिल्यांदा विकली जाई.

त्यात अमेरिकेतले यादवी युद्ध आले. १८६१पासून तिकडचा कापूस अडला, मुंबईचा भाव चढला, आणि तो पैसा उचल होऊन दख्खनच्या खेड्यांत उतरला. मागाल तितके कर्ज मिळू लागले. १८६५ला युद्ध संपले, भाव उतरला, सावकाराने हात आखडला. नेमक्या त्याच सुमारास तीस वर्षांची जुनी जमाबंदी संपून फेरआकारणी आली. कित्येक गावांचा सारा निम्म्याने, कुठे दुपटीने वाढला. कर्ज आटले आणि कर्जाची गरज वाढली. माझ्या मते दंग्याचे बीज सावकाराच्या लोभापेक्षा या कात्रीत अधिक आहे. लोभ काही १८७५ला जन्मला नव्हता.

१८७९मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. खतात काय लिहिले आहे एवढ्यावर न थांबता मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशांना मिळाला. सावकारांनी त्यावरही तोड काढली : गहाणखताऐवजी ते थेट खरेदीखतच लिहून मागू लागले. सहकारी पतपेढ्यांचा कायदा यायला १९०४ उजाडावे लागले.