पंपावरचं ओलं फडकं

मे महिन्यात जुन्या ॲम्बेसेडरचं किंवा फियाटचं बॉनेट उघडलं, की एक गोष्ट हमखास दिसायची. इंजिनाच्या कडेला बसवलेल्या, वाटीएवढ्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं गुंडाळलेलं असायचं. धोतराचा तुकडा, जुना टॉवेल, गोणपाटाची पट्टी, जे हाताला लागेल ते. ते कारखान्यातून गाडीसोबत येत नसे. गाडी चालवणाऱ्यांना त्यात काही विशेषही वाटत नसे. आज मात्र ते फडकं जुन्या कागदपत्रासारखं वाचता येतं. दुसऱ्या मुलखात आखलेलं यंत्र आपल्या उन्हात चालवायला लोकांनी काय शोधून काढलं, याचा तो पुरावा आहे.

तक्रार साधारण अशी असे. गाडी सकाळी पहिल्याच सेल्फला सुरू होते. वर्ध्याहून आर्वीच्या रस्त्याला लागते आणि आंजी (मोठी)पर्यंत बिनतक्रार येते. तिथे चहासाठी पंधरा मिनिटं बंद केली, की मग सुरू व्हायचं नाव घेत नाही. सेल्फ फिरतो, इंजिन पेटत नाही. तासाभराने, कुणी काही न करता, तीच गाडी सुरू होते.

ही नुसती गैरसोय नव्हती. विदर्भातली लग्नसराई भर उन्हाळ्यातली. पारा ४५ च्या वर गेला तरी वराती निघायच्याच. ज्या गावात मोटारी एक-दोनच, तिथे नवरदेवाला नेणारी आणि अडलेल्या बाळंतिणीला सेवाग्रामच्या दवाखान्यात पोचवणारी गाडी बहुधा एकच. नवतप्यात ती वाटेत बंद पडली, तर आत बसलेल्यांसाठी तो तास फार लांब असे. म्हणून कित्येक चालक मधल्या थांब्यावर इंजिन बंदच करत नसत. पेट्रोल जळालं तर जळो.

आता हे का व्हायचं ते बघू. चालत्या गाडीत पंख्याचा वारा, रेडिएटरचं फिरतं पाणी आणि टाकीतून येणारं ताजं पेट्रोल, हे तिघं मिळून उष्णता बाहेर नेत असतात. इंजिन बंद केलं की तिघंही एकदम थांबतात. लोखंडात साठलेली उष्णता मात्र तिथेच असते. त्यामुळे गाडी थांबल्यावर पहिली काही मिनिटं बॉनेटखालचे पंप आणि कार्बोरेटर थंड होण्याऐवजी आणखी तापतात. पेट्रोल हा अनेक द्रवांचा मेळ. त्यातला हलका भाग ३५-४० अंशांच्या आसपासच उकळू लागतो. पंप आणि नळीत पेट्रोलची वाफ होते. पंपाचा रबरी पडदा पेट्रोल ढकलायला बनवलेला, तो वाफेलाच दाबतो आणि सोडतो. त्यात हा पंप टाकीपासून लांब, इंजिनाला चिकटून बसलेला आणि पेट्रोल ओढून घेणारा. ओढताना नळीतला दाब घटतो, आणि दाब घटला की उकळणं आणखी सोपं होतं. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. गॅरेजात त्याला सरसकट ‘एअर लॉक’ म्हटलं जाई, पण तिथे हवा नसे, पेट्रोलचीच वाफ असे.

या गाड्या आल्या कुठून? १९५८ ची ॲम्बेसेडर म्हणजे इंग्लंडमधली मॉरिस ऑक्सफर्ड, कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात हिंदुस्तान मोटर्सने बनवलेली. फियाट मूळची इटलीतल्या ट्युरिनची. ती मुंबईत कुर्ल्याला तयार व्हायची. तिथली प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये उभी केली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. १९६४ ची ‘डिलाइट’ पुढे १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ झाली. दोन्ही गाड्यांच्या डॅशबोर्डवर चोक होता. थंड इंजिन पेटावं म्हणून मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवायची ती सोय. त्याही आधी, १९१२ मध्ये, चार्ल्स केटरिंगचा विजेचा सेल्फ कॅडिलॅक गाडीत बसला आणि हँडल मारण्याची मेहनत व जोखीम कमी होऊ लागली. म्हणजे गाडी सुरू करण्याचा सगळा विचार थंड इंजिनाभोवती झालेला. थंडीसाठी खटका होता, उन्हासाठी एकही नव्हता. आपल्याकडे ती जागा फडक्याने भरून काढली.

इतर देशांतही लोकांनी उपाय केले. अमेरिकेत जुने चालक पेट्रोलच्या नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावत. त्यांचा उपयोग किती व्हायचा याबद्दल शंकाच आहे. फडक्यामागे मात्र पक्कं शास्त्र आहे. पाण्याची वाफ होताना ते प्रचंड उष्णता ओढून घेतं. एक लिटर पाण्याची वाफ करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात पाच लिटर बर्फगार पाणी उकळीपर्यंत येऊ शकतं. शिवाय हवा कोरडी असेल तर पाणी भराभर उडतं. मुंबईच्या दमट हवेत फडकं मंदपणे काम करतं, वर्ध्याच्या कोरड्या उन्हात झपाट्याने. विदर्भातल्या घराला हे नवीन नव्हतं. दारातला माठ, खिडकीला लावलेल्या वाळ्याच्या ताट्या आणि पुढे आलेला कूलर, सगळे याच तत्त्वावर चालतात. जे घराला करत होते, तेच लोकांनी पंपाला केलं.

पण चांगला मिस्त्री फडक्यावर थांबत नसे. गरम गाडी सुरू न होण्याची कारणं एकाहून जास्त असतात, आणि काहींचे उपाय एकमेकांच्या उलट. सेल्फ जड, रडत फिरत असेल, तर दोष बॅटरीत, तिच्या जोडण्यांत किंवा तापलेल्या सेल्फमध्ये. पेट्रोलशी त्याचा संबंध नाही. सेल्फ जोरात फिरतो आणि पेट्रोलचा उग्र वास येतो, तर कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून इंजिनात सांडलेलं असतं. अशा वेळी चोक ओढला किंवा ॲक्सिलरेटर पंप केला, तर आणखी पूर येतो. पाय पूर्ण दाबून स्थिर ठेवायचा आणि सेल्फ मारायचा, म्हणजे जादा पेट्रोल हवेबरोबर निघून जातं. वास येत नाही आणि ठिणगी चांगली आहे, तर व्हेपर लॉक. इथे फडकं. वास येवो न येवो, प्लगवर ठिणगीच नसेल, तर कॉइल किंवा कंडेन्सर तापून दगा देतोय. तो गार झाला की पुन्हा ठीक चालतो, म्हणून लबाड वाटतो. फडक्याचं पाणी कॉइलवर किंवा डिस्ट्रिब्युटरवर पडू द्यायचं नाही, तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही आणि वास येत असेल तर ठिणगी बघायला प्लग काढायचा नाही, हे त्या शिक्षणातले पहिले धडे.

हे ज्ञान इतकं मुरलं, त्याला एक विचित्र कारण आहे. लायसन्स-परमिटच्या काळात गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे आणि गाडीही फारशी बदलत नसे. ग्राहकाचं त्यात नुकसान झालं. पण तोच पंप आणि तोच कार्बोरेटर एकाच मिस्त्रीच्या हाताखालून वीस-वीस वर्षं जात राहिले. बापाने शिकलेलं मुलाला जसंच्या तसं उपयोगी पडलं. लिहून ठेवायची गरज कुणाला वाटली नाही, आणि म्हणूनच ते आता हरवत चाललंय.

२००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि कार्बोरेटर मागे पडून फ्युएल इंजेक्शन आलं. पंप टाकीच्या आत गेला. तो पेट्रोल ओढत नाही, जोराने ढकलतो. दाब जास्त असल्याने नळीत वाफ सहसा होत नाही. पेट्रोलच्या भारतीय मानकातही ‘व्हेपर लॉक इंडेक्स’ नावाची मर्यादा आहे आणि उन्हाळ्यात ती इतर महिन्यांपेक्षा कडक असते. म्हणजे चालकांना बोटांनी कळलेली गोष्ट सरकारी आकड्यातही उतरलेली आहे. जुन्या गाड्यांपुढे आता इथेनॉलचा नवा प्रश्न आहे. वीस टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात ते पेट्रोलची वाफ होण्याची ओढ वाढवू शकतं, आणि जुने रबरी पडदे त्यासाठी बनवलेले नव्हते. घरी अशी गाडी असेल तर पंपाचा पडदा आणि नळ्या बदलून घेणं हा पहिला खर्च समजा.

नव्या गाडीला गरम झाल्यावर सुरू व्हायचा त्रास झाला, तर अनेकदा एखादा सेन्सर तापून गप्प बसलेला असतो. तो ओळखायला मिस्त्री काय करतो? संशयित भाग तेवढाच गार करतो आणि पुन्हा सेल्फ मारतो. सुरू झाली, तर दोष सापडला. फडक्याचं काम मुळात हेच होतं. सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. प्रयोगशाळेत याला पद्धत म्हणतात. वर्धा-आर्वी रस्त्यावर ती बॉनेटखाली, पाण्यात भिजवून ठेवलेली असायची.