वेगाची हौस आणि उष्णतेचा हिशेब

कर्त्याने नेमून दिलेल्या वेगाहून अधिक वेगाने यंत्र हाकण्याची हौस जुनीच आहे. संगणकाच्या प्रोसेसरबाबत तिला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. तिचा भरभराटीचा काळ १९९८ च्या सुमाराचा. इंटेलचा सेलेरॉन ३००-ए हा स्वस्त प्रोसेसर ३०० मेगाहर्ट्झचा. पण मदरबोर्डावरील बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला, की तो बहुधा ४५० वर धावे आणि त्याच साली निघालेल्या महागड्या पेंटियम-२ च्या पंक्तीला बसे. बेताच्या पैशांत संगणक घेणाऱ्यास हा लाभ खराखुरा होता. कारखानदार सुरक्षिततेसाठी काही वेग शिल्लक ठेवीत. हौशी माणूस ती शिल्लक वापरी, इतकेच.

पुढे ती शिल्लक कारखानदारांनीच खर्चावयास घेतली. २००४ साली उष्णता आवरेना म्हणून इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम-४ चा बेत सोडला. एकाला पळविण्याऐवजी अनेकांना एकत्र जुंपावे, हा विचार आपल्याकडे नवा नव्हता. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ सालीच परम ८००० त्या तत्त्वावर घडविला होता. आता एकाच प्रोसेसरात अनेक कोअर आले. २००८ साली टर्बो बूस्ट आला आणि तापमान पाहून प्रोसेसर आपला वेग आपणच चढवू-उतरवू लागला. ही ओढाताण कोठवर गेली, ते २०२४ साली दिसले. तेराव्या व चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज मागून बिघडत असल्याचे इंटेलला कबूल करावे लागले.

मग आज हा खटाटोप करावा काय? उत्तर सोलापूरजवळच्या कुंभारीसारख्या गावी शोधावे. तेथे विडी कामगार स्त्रियांच्या सहकारी संस्थेची १०,००० घरांची वसाहत २००६ साली उभी राहिली. उन्हाळ्यात या भागात पारा चाळिशी ओलांडतो. वेग दहा टक्के वाढवावा आणि त्यासाठी व्होल्टेजही दहा टक्के द्यावे, तर उष्णता सुमारे तेहेतीस टक्क्यांनी वाढते. खोलीतली हवाच तापलेली असता पंख्याने ती कोठे टाकावी? तापलेला प्रोसेसर मग स्वतःच वेग उतरवितो, आणि मिळविलेले हातचे जाते.

तेव्हा अशा घरी धूळ झाडावी, मेमरी तिच्या नेमल्या वेगावर लावावी, जमल्यास व्होल्टेज थोडे उतरवावे. १९९८ साली वेग वाढविण्यात शहाणपण होते. आज ते बहुधा उष्णता कमी करण्यात आहे.