तालमीतला खुराक : आख्यायिका आणि पुरावा

कोल्हापूरच्या लाल मातीत एक समजूत फार खोल रुजली आहे : दूध उकळले की त्यातली ताकद निघून जाते. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीच्या धारेचे फेसाळते पेले आजही रिते होतात, त्यामागे चवीइतकाच हा विश्वास आहे.

राजर्षी शाहूंचे खासबाग मैदान १९१२ मध्ये पूर्ण झाले. त्याआधी सातच वर्षे, १९०५ मध्ये, थेमिस्टोक्लिस झामिट याने माल्टा बेटावरील चिवट तापाचे मूळ शेळ्यांत शोधून काढले होते. पुढच्या वर्षी ब्रिटिश छावणीत शेळीचे कच्चे दूध बंद झाले आणि सैनिकांमधला ताप झपाट्याने ओसरला. त्या तापाचे कारण असलेले ब्रुसेला जंतू गाईम्हशींतही आढळतात. उकळल्याने काही जीवनसत्त्वे घटतात, हे मान्य. प्रथिने मात्र शाबूत राहतात. मरतात ते जंतू.

दुसरी समजूत थेट प्रयोगशाळेतून आलेली आहे. श्रम करताना स्नायू स्वतःच जळतो, असे जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याचे मत होते. म्हणजे प्रथिने हेच बळाचे इंधन. १८६५ मध्ये फिक आणि विस्लिसेनुस हे दोन प्राध्यापक प्रथिने वर्ज्य करून, पिष्ट, चरबी आणि साखर एवढ्यावरच स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न शिखर चढले. वाटेत स्वतःची लघवी साठवून त्यांनी तिच्यातला नायट्रोजन मोजला. (शास्त्राला लाज परवडत नाही.) जळालेल्या प्रथिनांची ऊर्जा त्या चढणीला पुरणारीच नव्हती.

मग तालमीचा खुराक निव्वळ भाबडेपणा होता काय? मुळीच नाही. हजारो जोर-बैठकांना लागणारे इंधन तूप, बदाम आणि दुधाच्या सायीतून मिळे. प्रथिने स्नायूंच्या दुरुस्तीसाठी लागतात; आजच्या अभ्यासांनुसार वजनाच्या दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम. ८० किलोच्या मल्लाला १२८ ग्रॅम. दोन लिटर म्हशीचे दूध आणि १०० ग्रॅम बदाम यांतूनच जवळपास ९५ ग्रॅम भरतात. उरलेले भाकरी, डाळ आणि मटणातून सहज मिळतात. महागड्या डब्यातली व्हे पावडर म्हणजे तरी काय? दुधाचीच वाळवलेली निवळी.

खरा प्रश्न हा खुराक परवडणार कोणाला, हा होता. शाहूंच्या काळी तो भार दरबाराने उचलला, म्हणून खेड्यातला गरीब पोरही मल्ल होऊ शकला. १९४९ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. आख्यायिका बदामांच्या संख्येत रमतात. हा हिशेब त्यांत क्वचितच येतो.

१९५२ मध्ये हेलसिंकीला ५७ किलो गटात खाशाबा जाधवांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर ७,००० रुपयांना गहाण ठेवले होते.