घाटेअळीची विषनाशक विकरे

हरभऱ्याचे घाटे व तुरीच्या शेंगा पोखरणारी घाटेअळी आणि कपाशीवरील हिरवी बोंडअळी या दोन किडी नव्हेत. शास्त्रीय नाव एकच, हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. कपाशीतील गॉसिपॉल हे द्रव्य अनेक कीटकांना विषारी ठरते. ही अळी मात्र ते बऱ्याच प्रमाणात सोसते. तिच्या मध्यांत्रातील सायटोक्रोम पी-४५० गटाची विकरे विषाच्या रेणूला ऑक्सिजन जोडून त्याचे उत्सर्जन सुलभ करतात. एस्टरेज विकरे रेणू तोडतात अथवा बांधून ठेवतात. वनस्पतींशी झुंजताना लाभलेली हीच सामग्री फवाऱ्याविरुद्धही कामी येते.

ऑस्ट्रेलियातील फेनव्हॅलरेटला न जुमानणाऱ्या अळ्यांत दोन शेजारच्या पी-४५० जनुकांचे भाग जुळून सीवायपी-३३७-बी-३ हे नवेच जनुक घडल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. असे जनुक फवारणी घडवीत नाही. ते बाळगणाऱ्या अळ्या तेवढ्या वाचतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. मात्रा वाढविल्याने ही निवड थांबत नाही. एकच विकर कधीकधी भिन्न गटांतील औषधेही निकामी करते. त्यामुळे नुसता औषधबदल पुरत नाही, कामगंध सापळे व अळीला रोगग्रस्त करणारा एनपीव्ही विषाणू यांची जोड द्यावी लागते.