घरच्या बागेसाठी टोमॅटोचे वाण

गच्चीवर किंवा बाल्कनीत टोमॅटो लावताना रोपवाटिकेत जे रोप मिळेल ते आणले जाते. झाड वाढते, पण फळे मोजकीच लागतात आणि दोष खताला दिला जातो. अनेकदा चूक वाणाच्या निवडीत असते.

वाढीचा प्रकार : मर्यादित वाढीचे वाण झुडपासारखे राहतात व त्यांची फळे थोड्या काळात एकदम तयार होतात. 'पुसा अर्ली ड्वार्फ' हा असा वाण कुंडीसाठी सोयीचा आहे. अमर्यादित वाढीचे वाण उंच जातात, त्यांना काठीचा आधार द्यावा लागतो. मात्र ते दीर्घकाळ फळे देतात. 'पुसा रुबी' या प्रकारातला. त्याची फळे किंचित चपटी व आंबटसर असल्याने आमटी-साराला चांगली. जागा अगदी कमी असल्यास चेरी टोमॅटो लावावा. कोणत्याही वाणाला किमान सहा तास ऊन हवेच.

हंगाम : दिवसाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यास परागीभवन बिघडते व फुले गळतात. त्यामुळे नवशिक्यांनी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बी पेरावे. उन्हाळ्याकडे झुकणाऱ्या लागवडीसाठी उष्णता सहन करणारा 'अर्का विकास' उपयुक्त ठरतो.

रोग : पांढरी माशी विषाणू पसरविते; पाने आकसतात व झाड खुंटते. कोकण-गोव्याच्या दमट, आम्लधर्मी मातीत जिवाणूजन्य मर रोगाचाही धोका असतो. बंगळूरजवळच्या हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' हा संकरित वाण या दोन्ही रोगांना तसेच लवकर येणाऱ्या करप्याला प्रतिकारक आहे. फळांच्या बुडाशी काळा डाग पडणे हा मात्र रोग नव्हे. अनियमित पाण्यामुळे फळाला कॅल्शियम कमी पडल्याचे ते लक्षण आहे.

सरळ की संकरित? : संकरित वाणाचे बी पुन्हा पेरल्यास तेच गुण मिळत नाहीत, दरवेळी नवे बी विकत घ्यावे लागते. सरळ वाणाचे बी घरी राखता येते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'भाग्यश्री' गर्द लाल व गरदार असून त्यात बिया कमी असतात. निरोगी झाडाचे पूर्ण पिकलेले फळ निवडून त्याचा गर बियांसह एक-दोन दिवस भांड्यात ठेवावा, मग बी धुऊन सावलीत वाळवावे.

पहिल्या वर्षी दोन वेगळे वाण शेजारी लावावेत. आपल्या जागेतल्या उन्हाला व घरच्या चवीला कोणता मानवतो, ते त्यावरून कळते.