एच-४ ची कुळकथा

आमच्या अकोटात सोयरिकीच्या बोलण्यात गेली पंचवीसेक वर्षं एक शब्द हमखास येतो, 'एच-वन'. मुलगा एच-वनवर आहे म्हटलं की पुढचं सगळं भराभर जुळतं. मुलगी कशावर जाणार, हे फारसं कुणी विचारत नाही. ती जाते एच-४ वर. तर मंडळी, ह्या रविवारी त्याची कुळकथा.

१९५२ च्या अमेरिकन कायद्यात तात्पुरत्या कामगारांसाठी 'एच' वर्ग आला, पण त्यात बायको-मुलांचा उल्लेख नव्हता. तो आला एप्रिल १९७० च्या दुरुस्तीनं. कामगारासोबत किंवा त्याच्या मागाहून जोडीदार आणि अज्ञान मुलं येऊ लागली. राहा, शिका, पण पगारी काम करायचं नाही. माणूस दोन-चार वर्षांत परत जाणार म्हटल्यावर ही अट तेव्हा फारशी बोचली नसावी.

गोची पुढे झाली. १९९० च्या कायद्यानं एच-१बी जन्माला घातला आणि त्यावर वर्षाला ६५,००० ची मर्यादा ठेवली. त्याच कायद्यानं नोकरीवरच्या ग्रीन कार्डात कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्के वाटा ठरवला. मग आली संगणकवाल्यांची लाट. २००१ ते २००३ ह्या वर्षांसाठी मर्यादा १,९५,००० वर गेली, पण ७ टक्के तिथंच राहिले. दार रुंद केलं, जिना तेवढाच ठेवला! रांग वाढली तसं २००० च्या कायद्यानं रांगेतल्यांना सहा वर्षांपुढेही एच-१बी वाढवून दिला. थोडक्यात, 'तात्पुरतं' दहा-बारा वर्षांचं झालं आणि काम न करण्याची अटही तेवढीच लांबली.

गंमत बघा, कंपनीच्या बदलीवर एल-१ घेऊन जाणाऱ्यांच्या जोडीदारांना २००२ मध्येच कामाची मुभा मिळाली. एच-४ वाल्यांना थांबावं लागलं ते २६ मे २०१५ पर्यंत. तीही सरसकट नाही. जोडीदाराचा आय-१४० मंजूर हवा, किंवा सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळालेली हवी.

माझी मावसबहीण अकोल्याला कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. २००४ साली एच-४ वर गेली. कामाचा परवाना नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही. परवाना हाती आला २०१६ मध्ये. मी फोनवर अभिनंदन केलं, तर म्हणाली, "बारा वर्षं झाले रे बापा. आता मले प्रयोगशाळेत कोन उभं करते?" शेवटी तिनं एका दुकानात हिशेबाचं काम धरलं.

आणि हा परवाना संसदेच्या कायद्यानं दिलेला नाही, सरकारी नियमानं दिलेला आहे. २०१९ मध्ये तो काढून घ्यायचा प्रस्ताव पुढे सरकला होता, २०२१ मध्ये मागे घेतला गेला. २०२४ मध्ये अपील कोर्टानं नियम उचलून धरला. मुलांचं आणखी अवघड आहे. एकवीस वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो, मग दुसरा व्हिसा शोधा, नाहीतर निघा. जो देश त्यांनी चड्डीत असल्यापासून पाहिला, तिथून.

म्हणून लग्न ठरवणाऱ्यांना एक सांगणं. पगार विचारता, घर विचारता, तसं आय-१४० चं काय झालं तेही विचारत जा. त्यात लाज कसली?