अवतारांचा पेटारा

कुणी गबाळ्या वेषात समोर आला, की ‘काय हा अवतार!’ असे आपण सहज म्हणून जातो. हाच शब्द समुद्रापार जाऊन एका नव्या कलेचे नाव होईल, असे आपल्या पूर्वजांच्या स्वप्नातही नसेल. १९८६ च्या सुमारास अमेरिकेत ल्यूकासफिल्मच्या मंडळींनी ‘हॅबिटॅट’ नावाचा संगणकावरील खेळ रचला. दूरदूरच्या घरी बसलेली माणसे टेलिफोनच्या तारेने एका कल्पित नगरात एकत्र येत. तेथे वावरणाऱ्या आपल्या बाहुल्याला कर्त्यांनी ‘अवतार’ म्हटले. त्याचे मस्तक काढून दुसरे बसविता येई. मस्तके यंत्रातून विकत मिळत. सोंगाची हौस भागविण्याची ही मोठी तुटपुंजी सोय होती. तरी सुरुवात तीच.

या कलेला खरा बहर आला तो सॅन फ्रान्सिस्को येथील लिंडन लॅब या संस्थेने २००३ च्या जूनमध्ये खुल्या केलेल्या ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगात. येथे चालकांनी जमीन तेवढी दिली. घरे, अरण्ये, किल्ले, वस्त्रे ही सारी रहिवाशांनी स्वतः करावयाची. घन, गोल, नळकांडे अशा साध्या आकारांना तेथे ‘प्रिम’ म्हणत. २५६ मीटर लांब आणि तितक्याच रुंद अशा प्रदेशात पुष्कळ वर्षे १५,००० प्रिमांची मर्यादा असे. एवढ्यात परीराज्य उभारायचे म्हणजे काटकसर आलीच. झाडाच्या पानांसाठी प्रिम खर्ची घालावेत की राजवाड्याच्या कमानीसाठी, हा तिथला नेहमीचा पेच. अंदाजपत्रकावर दिवस काढणाऱ्या आम्हां कारकुनांना तो समजावून सांगण्याची गरज नाही.

आरंभी तर उभारलेल्या वस्तूंवर करही होता. जो अधिक रचील त्याने अधिक भरावे, असा तो उफराटा न्याय. त्याविरुद्ध २००३ सालीच काही रहिवाशांनी चहाच्या पेट्यांचे ढीग रचून बंड पुकारले. १७७३ मधील बोस्टन बंदराचे स्मरण त्यामागे होते. वर्ष संपण्यापूर्वी ती करपद्धती गेली. त्याहून महत्त्वाचे असे, की नोव्हेंबरात चालकांनी जाहीर केले : जो जे निर्माण करील त्याचे स्वामित्व त्याचेच. आमच्या मते या साऱ्या इतिहासाची किल्ली येथे आहे. त्यानंतर वेष शिवणारे हौशी राहिले नाहीत, कारागीर झाले.

परीचा वेष कसा होई ते पाहावे. अंगचे वस्त्र म्हणजे शरीराच्या सपाट नकाशावर रंगविलेले चित्र. टोकदार कान, पंख आणि केस हे प्रिम जोडून केलेले. २००६ साली प्रिमांना लवचिकपणा आला, तेव्हा कोठे घागरा वाऱ्यावर हलू लागला. प्रत्येक नगावर नक्कल, दुरुस्ती व हस्तांतर अशा तीन परवानग्या कर्त्याने देणे वा नाकारणे, ही विक्रीची रीत. सोंगाचे जग मोडू नये म्हणून काही प्रदेशांत वेषाचा निर्बंधही असे. सुटाबुटात आलेल्या पाहुण्याला वेष बदलण्याची विनंती होई. आपल्या कोकणातल्या दशावतारी खेळात एक बाकडे हेच सिंहासन असते आणि प्रेक्षक ते मान्य करतात. ही मंडळी त्या बाबतीत फारच काटेकोर म्हणावयाची.

मग आला २००६ चा नोव्हेंबर. ‘कॉपीबॉट’ नावाचे एक साधन पसरले. दुसऱ्याची वस्तू त्याने हुबेहूब उतरविता येई. परवानगीचा प्रश्नच उरत नसे. महिनोन्‌महिने खपून केलेला पोषाख क्षणात फुकट झाला. कित्येक दुकानदारांनी निषेधार्थ दुकाने बंद केली. चालकांनी या साधनाचा असा वापर नियमबाह्य ठरविला. पण चोरी रोखणे निराळे आणि चोरीला नाव देणे निराळे. २००७ साली सहा विक्रेत्यांनी न्यूयॉर्कमध्ये संघीय न्यायालयात एका नकलाकारावर खरी फिर्याद गुदरली. तडजोडीअंती हाती आले ५२५ डॉलर. रक्कम हास्यास्पद खरी. परंतु नसलेल्या कापडाच्या चोरीबद्दल असलेल्या पैशांत भरपाई मिळाली, हे काही लहान नव्हे.

२०११ साली ‘मेश’ नावाची नवी घडण आली. वस्तू बाहेरच्या अवघड साधनांत घडवून आणाव्या लागू लागल्या. पोषाख सुबक झाले, पण जगातच बसून प्रिम जुळविणारा जुना कारागीर मागे पडला. पुढे शरीरेही निरनिराळ्या कर्त्यांची विकत मिळू लागली आणि प्रत्येकाच्या मापाचा अंगरखा वेगळा बेतण्याची पाळी आली. रंगविलेली जुनी वस्त्रे या नव्या अंगांवर सरळ चढत ना. ती अडचण २०१९ साली चालकांनीच दूर केली, आणि २००४ च्या सुमारास कुणी हाताने रंगविलेली परीची चोळी पेटाऱ्यातून काढून पुन्हा अंगावर घालता येऊ लागली.